आत्याबाईंनी भरलेला चुडा

लग्न होऊन मी रहिमतपूरला कासारांच्या घरात आले, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या तोंडाकडं नंतर बघितलं. आधी हात बघितले. दोन्ही पंजे आपल्या हातात घेऊन चेपले, अंगठा आत दुमडला, हाडं चाचपली आणि आपल्या लेकाला म्हणाल्या, मऊ आहेत, धंद्याला चालतील. असा राग आला मला! बाजारात म्हैस बघावी तसं. पण नवी नवरी होते, राग गिळला. पुढं फार गिळला नाही. मी तोंडाळ आहे, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

पण आत्याबाई काकणं भरायला बसल्या की मी गप बसायची. त्या हाताकडं बघायच्याच नाहीत. समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघत, तिच्या घरचं विचारत, नुसत्या बोटांनी चाचपत काकण चढवायच्या. कुठलं हाड आडवं येतंय, कुठं जरा थांबायचं, सगळं त्यांच्या बोटांना कळायचं. "सैल सोड गं हात," एवढं म्हणायच्या आणि अडलेलं काकण मनगटावर. घट्ट हातात सहसा बसत नाही असलं काकणही त्या एक ओरखडा न उठवता बसवायच्या. मला ते कधीच तसं जमलं नाही.

आणि हात धरायचा म्हणजे नुसतं काकण भरणं नव्हतं. ऊसवाल्यांच्या मोठ्या घरातली सून, नवरा पलटणीत, वर्षातून एकदा सुटीवर येणार. तिचा हात हातात घेऊन बसणारं परकं माणूस म्हणजे एक कासारीण. हात हातात आला की पोरी बोलायला लागायच्या. कुणी रडायच्या. आत्याबाई ऐकून घ्यायच्या आणि ह्या घरचं त्या घरी कधी सांगायच्या नाहीत. म्हणून पाच-सहा गावांतल्या लेकी-सुना त्यांना मावशी म्हणायच्या.

त्यातली एक पोर त्यांची फार लाडकी. आमच्यापासून जवळच्याच एका गावातली. ती तान्ही असताना तिच्या हातात पहिली काळी मनगटी घातली आत्याबाईंनी, लग्नातला हिरवा चुडा भरला तोही आत्याबाईंनी. तिला कराडच्या पलीकडं दिली होती. नवरा फौजेत, सासराही फौजेतून पेन्शनीवर आलेला. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ओटीभरणाला आम्हा दोघींना बोलावणं होतं.

पोरगी पाटावर बसलेली, सोपाभर बायका. आत्याबाई हिरवी काकणं चढवत होत्या, तोंडानं थट्टा चाललेली. मधेच एक काकण तटकन पिचलं. भरताना काकण पिचतं, त्यात नवल नाही. पण आत्याबाई थांबल्याच नाहीत. पिचलेली काच बोटांत दाबून पुढं सरकवतच राहिल्या. पोरगी घाबरून म्हणाली, "मावशी, रगात." बघतो तर आत्याबाईंच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला चांगली काच घुसलेली, पोरीच्या मनगटावरही चीर पडलेली, आणि दोघींचं रक्त एकमेकींत मिसळून पाटावर थेंब पडत होते. पोरीला झोंबलं होतं. आत्याबाईंना काहीच कळलं नव्हतं.

ओटीभरणात काकण पिचून रक्त आलं म्हणजे अपशकुन, बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी हळद आणून दाबली. परत येताना मी म्हटलं, आवं आत्याबाई, तुमचं ध्यान कुठं होतं? त्या वाटभर आपल्या त्या दोन बोटांकडं बघत होत्या.

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. उकळतं पातेलं त्या फडकं न घेता उतरवायच्या. मला वाटायचं, जुनी माणसं, हातच दगडाचे. हातावर कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता, त्याला आम्ही सुरमं, म्हणजे कातडीवरचं साधं शिबं समजत होतो. करंगळी जरा वाकलेली असायची, ती वाताची म्हणून मी रोज तेल लावून चोळायची. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शेवटी आईला पॅसेंजरमध्ये बसवून मिरजेला नेलं. मीही गेले.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, बोलायला गोड. त्यानं आत्याबाईंना डोळे मिटायला लावले आणि कापसाचं बारीक टोक हाताला लावत म्हणाला, जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. काही ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं. चट्ट्यावर त्यानं किती वेळा कापूस लावला, बोट काही उठलं नाही. त्या बिचाऱ्या डोळे मिटून वाट बघत होत्या. ह्यांनी तोंड फिरवून खिडकीकडं केलं. 

महारोग. डॉक्टर म्हणाला, कुष्ठरोग म्हणा. नाव बदलून काय होतंय? पण तो पुढं जे म्हणाला ते मी कान देऊन ऐकलं. हा आजार हळूहळू, वर्षानुवर्षांनी येतो, दोन तऱ्हेचा असतो, ह्यांचा न लागणारा आहे, गोळ्या रोज घ्यायच्या, बरीच वर्षं घ्यायच्या, आजार जाईल. बोटं वाकायची थांबतील, पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. आत्याबाईंनी एकच विचारलं. एका पोटुशा पोरीच्या रक्ताला माझं रक्त लागलंय, तिला होईल का? पोटातल्याला होईल का? डॉक्टर म्हणाला, असं होत नाही आजी. त्यांनी परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं. गाडीत बसल्यावर त्या मला म्हणाल्या, तो मला बरं वाटावं म्हणून सांगतोय.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो आजार कमी आणि ती पोरगी जास्त राहायला आली. आत्याबाईंनी काकणांची पेटी उचलून माझ्यापुढं ठेवली आणि परत कधी कुणाचा हात हातात घेतला नाही. आपलं ताट आपणच वेगळं केलं. मी भांडले, ताट ओढून घेतलं, तर न जेवताच उठून गेल्या. माझा थोरला तेव्हा मांडीवर खेळायच्या वयाचा, तो त्यांच्याकडं झेपावायचा. त्या हात पदराखाली घेऊन मागं सरकायच्या. ते बघवायचं नाही. भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू? मीही न्हाताना अंगभर चट्टे शोधायची. पण डॉक्टरनं सांगितलं, मी ऐकलं, आणि हळूहळू माझं भ्या गेलं. त्यांचं काही जाईना.

भरलेले हात त्यांना आठवायला लागले. बसल्या बसल्या बोलायच्या, अमक्या गावची ती, तिला बेंदराला भरली, तमकीला संक्रांतीला. सगळ्यांवरून फिरून गाडी त्या पोरीवर यायची. तिला मुलगी झाल्याचं कळलं. पोरगी बाळंतपणातून सुखरूप उठली, बाळ घेऊन सासरी गेली. मी म्हटलं, बघा, काही झालं नाही. तर म्हणाल्या, हे लगेच होत न्हाई, वर्सानं होतंय, डाक्टरच म्हणला न्हवं हळू हळू येतंय म्हणून. आता काय डोकं फोडावं! डॉक्टरचं नेमकं तेवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. झोप उडाली. जेवण तुटलं. एकदा मी भाकरी थापत होते, तर मागून येऊन म्हणाल्या, "मी मेल्यावर मला उचलायला चार मानसं येतील का गं?"  भाकरी तव्यावर करपली.

अशी सगळी खंगून गेलेली बाई. शेवटी त्यांनी एकच धोशा लावला, मला एकदा ते बाळ बघू दे. डोळ्यांनी बघितलं की मी गप होईन, गोळ्याही नीट घेईन, ताटही तुमच्यात आणीन. ह्यांचा विरोध होता. मीच म्हटलं, जाऊ दे, जिवाला तेवढी शांती मिळू दे. माहेरची कासारीण बाळाला मनगट्या घालायला आली, यात कुणाला वावगं वाटणार नव्हतं.

वाटलंही नाही. त्या घरी आमचं चांगलं आगतस्वागत झालं. पोरगी तर पळतच आली, मावशी म्हणून गळ्यात पडायला लागली. आत्याबाई मागं सरल्या. चहा आला. पोरीची सासू मळ्यात गेली होती, सासरा सोप्यातच लाकडी खुर्चीवर बसून होता. बाळ नुकतं रांगायला लागलेलं, गोबरं, टकामका बघणारं. मनगट्या मी घातल्या. मग आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून कोंबडीचं एक पीस काढलं. मला ह्याचा पत्ता नव्हता. त्यांनी पोरीला सांगितलं, लेकीचे डोळे पदरानं झाक, दृष्ट काढते. आणि बाळाच्या पाठीवर, दंडावर, पोटऱ्यांवर, इंच न् इंच त्या पीस लावत गेल्या. जिथं लागेल तिथं बाळ खुदकन हसायचं. अंग आक्रसून घ्यायचं. सगळीकडं हसलं. एक जागा अशी राहिली नाही, जिथं बाळ हसलं नाही.

आत्याबाईही हसायला लागल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतनं पाणी वाहतंय आणि हसतायत. मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे.

तेवढ्यात सासऱ्यानं खुर्चीवरून विचारलं, हे दृष्ट काढणं कुठलं? आमच्या मिल्ट्रीच्या दवाखान्यात चट्टेवाल्यांना असंच डोळे मिटवून तपासायचे. मी पटकन म्हटलं, आमच्यात अशीच काढतात. विषय तिथं संपला असता. पण आत्याबाईंचा जीव आनंदानं भरून आला होता. आता बाळ निर्मळ आहे, आता लपवायचं काय, असं त्यांना वाटलं असणार. आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आपला आजार, ओटीभरणातलं रक्त, मिरजेचा डॉक्टर. मी पदर ओढत राहिले, त्या थांबल्या नाहीत. शेवटी हात जोडून म्हणाल्या, "आता भ्या न्हाई दादा. तुमची नात निर्मळ हाय. माजी काळजी मिटली."

तो माणूस ओरडला नाही. शिवी दिली नाही. उठून आत गेला आणि सुनेला हाक मारून आत बोलावलं. आम्ही पेटी उचलून निघालो. वाड्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचलो असू, मागं खळकन आवाज झाला. आम्ही प्यायलेले कप त्यानं उकिरड्यावर फेकले होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. फिरून जाऊन चार शब्द सुनवावे असं वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, कप गेला तर गेला, बाळ निर्मळ आहे.

आठवडाभरात पोरीला लेकीसकट माहेरी आणून सोडलं. जरा तपासून घ्या, मग नेऊ, असं सांगितलं. तपासून घेतलं की! आम्हीच दोघींना मिरजेला नेलं. त्याच डॉक्टरनं दोघींना नखशिखांत बघितलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. हे निरोप घेऊन कराडकडं गेले. सासऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डाक्टर म्हंतोय ते खरं असंल. पर त्यो सवताच्या घरात करून घील का असली सून?" हे तसेच परत आले. मी असते तर उत्तर दिलं असतं, पण त्याचा उपयोग झाला असता असं काही नाही. नवरा सुटीवर आला. आमच्याच स्टेशनावरून त्याची गाडी गेली. तो उतरला नाही. पुढच्या सुटीतही उतरला नाही. तिसऱ्या वेळी कळलं, त्याचं दुसरीकडं जमवलंय.

ही बातमी आत्याबाईंना मी सांगितली नाही, बाजारातल्या बायकांनी सांगितली. त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तोंड वाजवलं, हात धरून गोळी हातावर ठेवली, तर शांतपणे म्हणाल्या, "रोगानं न्हाई गं केलं. मी केलं." त्यावर मी जे काही बोलले ते सगळं खरंच होतं. कप फेकणाऱ्यानं केलं, स्टेशनावर न उतरणाऱ्यानं केलं, तुम्ही फक्त खरं बोललात. पण खरं सांगून माणसाचं मन वळत असतं तर मिरजेच्या डॉक्टरनं ते कधीच वळवलं असतं. त्यांनी मान हलवली आणि गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवून दिली.

मला वाटत होतं, ती पोरगी आम्हाला शिव्याशाप देईल. दारात येऊन तमाशा केला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. झालं भलतंच. एका बाजारच्या दिवशी ती लेकीला काखेत घेऊन आमच्याकडं आली. वाळून अर्धी झाली होती. माहेरात भावजयीनं तिला गोठ्याकडच्या पडवीत वेगळं घातलं होतं, आपली पोरं तिच्या लेकीजवळ जाऊ देत नव्हती. ती आत्याबाईंसमोर बसली, लेकीचं झबलं वर केलं आणि पाठीवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, ह्यो डाग हाय का?" कसला डाग? जन्मखूण होती, तिळाएवढी. मी म्हटलं, अगं बाई, डॉक्टरनं बघितलं की सगळं. तर म्हणाली, डॉक्टरला काय कळतंय? मावशीला हाय, मावशीलाच वळखू येईल.

आत्याबाईंनी पीस काढलं.

मग दर बाजाराला ती यायला लागली. आधी लेकीची तपासणी, मग स्वतःची. दंड उघडा करून बसायची, डोळे मिटायची आणि आत्याबाईंनी पीस लावलं की बोट ठेवायची. सगळं बरोबर यायचं. दोघी हुश्श करायच्या. पुढच्या बाजाराला परत तेच. मधल्या दिवसांत ती घरी काय करत असेल देव जाणे. एकदा तिच्या हातावर टाचणीनं टोचल्याच्या बारीक बारीक खुणा दिसल्या. मी चिडले, त्या दोघींवर खेकसले, पीस हिसकावून चुलीत घातलं. दुसरं आलं. मिरजेला जाऊन डॉक्टरला सांगितलं. तो भला माणूस, त्यानं दोघींना समोर बसवून समजावलं, तुम्हाला आजार नाही, तुम्हाला काळजीचं दुखणं झालंय, त्याचं औषध वेगळं. झोपेची गोळी दिली. दोघी हो म्हणाल्या. बाजाराला ती परत आली.

मला तिची कीव यायची आणि खरं सांगते, कंटाळाही यायचा. दारात ती दिसली की वाटायचं, आली बाई! पण तिला दुसरं दार तरी कुठलं होतं? गावात तिच्या जवळ बसणारं माणूस उरलं नव्हतं. अख्ख्या आठवड्यात तिच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागत असेल तर तो आमच्या ओसरीवर. तोही हात नव्हेच, कोंबडीचं पीस. आत्याबाई अजूनही तिला हात लावत नव्हत्या.

अशी वर्षं गेली. लेक मोठी झाली, बोलायला लागली. एका बाजाराच्या दिवशी तिची आई बाहेर चपला काढत होती, आत्याबाई परसात होत्या. मी ओसरीवर एकटीच दोरीत काकणं ओवत बसले होते. ती पोर एकटीच आत आली, माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, ये गं, बस. ती बसली नाही. तिनं फ्रॉकच्या बाह्या खांद्यापर्यंत वर गुंडाळल्या, दोन्ही हात माझ्यापुढं लांब केले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

मी म्हटलं, अगं, उघड डोळे.

ती मिटूनच उभी. एक बोट वर करून तयार.

 काकणं बाजूला सारून मी तिला ओढलं आणि कवटाळून धरलं, चांगली घट्ट, पाठीवरून, डोक्यावरून हात फिरवत. ती अंग चोरून ताठ उभी राहिली. डोळे तिनं उघडले नाहीतच. तिचं ते बोट माझ्या खांद्यावरून तिच्या दंडाकडं गेलं, तिथून पाठीकडं वळलं, मग केसांकडं, परत दंडाकडं. सगळीकडूनच लागत होतं, आणि बोट कुठं ठेवायचं ते तिला कळेना.